तिसरी बॅच दर वेळी १.०२२ वरच का अडकते: स्लरी, थंड वर्ट आणि ऑक्सिजन

घरच्या किटवर बिअर बनवणाऱ्यांचा प्रॉब्लेम असा आहे. नवीन पाकिटातलं ड्राय यीस्ट टाकून केलेली पहिली बॅच झकास होते, ओजी (सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे साखरेमुळे वाढलेली घनता, पाण्याची १.००० धरून) १.०५०, एफजी (शेवटची ग्रॅव्हिटी) १.०११, सगळे खूश. मग त्याच फर्मेंटरच्या (आंबवायच्या भांड्याच्या) तळाची स्लरी, म्हणजे यीस्टचा गाळ, बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवायची आणि त्यावर दुसरी बॅच लावायची, तीही होते, फक्त दोन दिवस जास्त घेते म्हणून कोणी लक्ष देत नाही. तिसरी मात्र सुरू व्हायलाच तीस तास घेते, मग कशीबशी फेस धरते आणि १.०२२ च्या आसपास येऊन बसते ती बसतेच. एअरलॉक (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी नळी) गप्प, चव गोडसर, मागे हिरव्या सफरचंदासारखा वास. रेसिपी तीच, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) तेच, यीस्टही तेच, मग बिघडलं कुठे, हा प्रश्न ठाणे, कळवा, ऐरोलीपासून खारघरपर्यंतच्या लोकांनी मला इतक्या वेळा विचारलाय की आता एकदाच सगळं नीट लिहून काढतो.

मी तुर्भ्याच्या बाजूला एका ब्रूपबमध्ये ब्रूइंग बघतो. मोठ्या टाक्यांच्या शेजारी आमच्याकडे २० लिटरचं पायलट किट आहे, म्हणजे एक भगोणं, तांब्याची कॉइल, दोन फूड ग्रेड बादल्या आणि एक जुना फ्रिज, घरगुती सेटअपच म्हणा, आणि खाली जे लिहिलंय ते त्याच किटवरचं आहे. कायद्याचं एका वाक्यात सांगतो कारण बरेच जण ते विसरतात: आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि बिअर बनवायला परवाना लागतो, तेव्हा ज्याने त्याने आधी ते बघून घ्यावं.

आता मुद्दा. तिसऱ्या बॅचला अडकण्याचं कारण बहुतेक वेळा ऑक्सिजन हेच असतं. पण ऑक्सिजनवर खोटा आळही तितकाच येतो, म्हणून आधी खात्री करा की बॅच खरंच अडकली आहे.

सगळ्यात जास्त फसवणूक करतो तो रिफ्रॅक्टोमीटर. हे यंत्र साखरेसाठी बनवलंय, अल्कोहोल आलं की त्याचं गणित चुकतं. १.०५० पासून सुरू झालेली बिअर प्रत्यक्षात १.०११ ला उतरलेली असते आणि रिफ्रॅक्टोमीटर ६ ब्रिक्स (साखरेच्या टक्क्यांचं माप) दाखवत असतो, ते सरळ ग्रॅव्हिटीत बदललं तर १.०२४ येतं आणि माणूस घाबरतो. बिअर व्यवस्थित झालेली असते, आकडा खोटा असतो. फर्मेंटेशन सुरू झाल्यानंतर एकतर करेक्शनचं कॅल्क्युलेटर वापरा नाहीतर सरळ हायड्रोमीटर (तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) काढा. हायड्रोमीटरचंही तापमान बघा, बहुतेक २० डिग्रीला कॅलिब्रेट केलेले असतात, आपल्याकडे सँपल ३० डिग्रीचं असतं आणि तेव्हा रीडिंग अडीचएक पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) कमी येतं, म्हणजे इथे उलट होतं, वाटतं त्यापेक्षा बिअर गोडच असते. सँपलमधला गॅस आधी हलवून काढून टाका, बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटले की तो वर उचलला जातो. सलग तीन दिवस तोच आकडा आला तर अडकली म्हणायचं, एअरलॉक बघून काही ठरवायचं नाही, झाकणाची रिंग सैल असेल तर सगळा गॅस तिथूनच जातो.

दुसरा संशयित म्हणजे मॅश, माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढायची पायरी. थर्मामीटर दोन-तीन डिग्री कमी दाखवत असेल तर तुम्ही ६६ समजून ६८-६९ ला मॅश करत असता, मग वर्टमध्ये (मॅशमधून निघालेल्या गोड पाण्यात) यीस्टला न पचणारी साखरच जास्त येते आणि तिथे जगातला सगळा ऑक्सिजन दिला तरी ग्रॅव्हिटी उतरणार नाही. मॅशचा दोष की यीस्टचा, हे ओळखायला एक सोपी टेस्ट आहे आणि ती प्रत्येक बॅचला करावी असं माझं ठाम मत आहे. वर्ट थंड झालं की त्यातलं पाव लिटर वेगळ्या सॅनिटाइझ केलेल्या बाटलीत घ्यायचं, त्यात ताजं ड्राय यीस्ट भरपूर, म्हणजे गरजेच्या कितीतरी पट टाकायचं, तोंडावर फॉइल लावायचं आणि ही बाटली किचनच्या ओट्यावरच ठेवायची, आपल्या इथल्या २८-३० डिग्रीत, येता जाता हलवायची. दोन-तीन दिवसांत ती जिथे थांबेल तो त्या वर्टचा तळ. बाटली १.०११ ला थांबली आणि फर्मेंटर १.०२२ ला, तर वर्ट चांगलं आहे, यीस्ट दमलंय. बाटलीही १.०२० ला थांबली तर मॅश आणि थर्मामीटर तपासा, पुढचं वाचायची गरज नाही.

यीस्ट का दमतं ते समजून घेतलं की बाकीचं आपोआप कळतं. यीस्टच्या पेशीला बाहेरचं आवरण असतं, त्याला लवचीक ठेवायला स्टेरॉल लागतात, मुख्यतः एर्गोस्टेरॉल, आणि त्यासोबत काही अनसॅच्युरेटेड फॅटी अॅसिड. हे दोन्ही यीस्ट स्वतःच तयार करतं पण ते तयार करायच्या पायऱ्यांमध्ये ऑक्सिजनचा रेणू प्रत्यक्ष लागतो, त्याला पर्याय नाही. अँड्रियासन आणि स्टायर या दोघांनी १९५३ आणि १९५४ मध्ये हेच दाखवलं, हवा पूर्ण बंद केली तर यीस्ट वाढत नाही, पण बाहेरून एर्गोस्टेरॉल आणि ही फॅटी अॅसिड दिली की वाढायला लागतं. म्हणजे यीस्टला ऑक्सिजन श्वासासाठी हवा असतो असं जे सगळीकडे सांगितलं जातं ते आपल्या कामापुरतं बरोबर नाही. वर्टमध्ये साखर इतकी असते की ते तसंही फर्मेंटेशनच करणार, ऑक्सिजन हवा असतो तो आवरणाच्या बांधकामाला.

पेशी दुभागली की आईकडचे स्टेरॉल आई आणि मुलीत वाटले जातात. पुन्हा दुभागली की पुन्हा वाटणी. ऑक्सिजन नसेल तर नवीन भर पडत नाही, दोन-तीन पिढ्यांत प्रत्येकीच्या वाट्याला इतकं कमी येतं की वाढ थांबते, आणि ज्या पेशी आहेत त्यांचं आवरण अल्कोहोल वाढलं की टिकत नाही, साखर आत घेणं मंदावतं. बॅच शेवटच्या टप्प्यात अडकते ती यामुळे, सुरुवातीला साखर भरपूर आणि अल्कोहोल कमी असतं तेव्हा कमकुवत यीस्टही चालून जातं.

आणि इथेच घोडं पेंड खातं. पाकिटातलं ड्राय यीस्ट कारखान्यात भरपूर हवा देऊन वाढवलेलं असतं, ते स्टेरॉलची शिदोरी बांधूनच आलेलं असतं. म्हणून ड्राय यीस्टच्या कंपन्याच सांगतात की पहिल्या वापराला वर्टमध्ये हवा भरायची गरज नाही. पहिली बॅच काही न करता चांगली होते त्याचं कारण हे आहे, आणि मग माणसाचा असा समज होतो की हवा बिवा काही लागत नाही. त्या बॅचच्या तळाशी जी स्लरी उरते तिची शिदोरी मात्र संपलेली असते. ती वर्टमध्ये टाकली की तिला सगळं नव्याने बनवावं लागतं आणि त्या वेळी वर्टमध्ये ऑक्सिजन नसेल तर ती उपाशीच कामाला लागते. दुसऱ्या बॅचला थोडंफार निभावतं, तिसऱ्याला नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. नव्या पाकिटाची पहिलीच बॅच अडकत असेल तर ऑक्सिजनच्या मागे लागू नका, तिथे पाकिटाचा प्रवास बघा. मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोत चार दिवस भाजलेलं पाकीट नंतर फ्रिजमध्ये ठेवून काही उपयोग नसतो. मी तर एप्रिल-मेमध्ये यीस्ट मागवतच नाही, फेब्रुवारीतच लागेल तेवढं घेऊन ठेवतो.

आता वर्टकडे या. तासभर उकळलं की वर्टमधला विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ पूर्ण निघून जातो, थंड झाल्यावर तो आपण परत घालायचा असतो. साध्या एलला ८ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) लागतं, लागरला (थंडीत आंबवायची बिअर) आणि १.०६५ च्या वरच्या स्ट्राँग बिअरला त्याहून जास्त. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असल्यामुळे हवेने कितीही वेळ बुडबुडे काढले तरी एक मर्यादा येते, साध्या पाण्यात २० डिग्रीला ती ९.१ आणि ३० डिग्रीला साडेसातच्या आसपास, वर्टमध्ये साखरेमुळे आणखी कमी, म्हणजे धरून चाला की हवेने जास्तीत जास्त ८. ठाणे-नवी मुंबई समुद्रसपाटीला आहे हा आपला फायदाच, पुण्याला साडेपाचशे मीटरवर तीच मर्यादा सहाएक टक्के खाली येते.

तापमानाचा मुद्दा मात्र आपल्या विरोधात जातो आणि बहुतेकांची गाडी इथेच घसरते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं तेच ३४-३५ डिग्रीचं, त्यावर कॉइल कितीही वेळ चालवली तरी वर्ट ३७-३८ च्या खाली जात नाही, आणि लोक कंटाळून तिथेच हवा भरतात आणि यीस्ट टाकतात. गरम वर्टमध्ये ऑक्सिजन कमी विरघळतो हे एक, आणि जो जातो तो वर्टशीच रिअॅक्ट होतो, रंग गडद होतो, पुढे जुनाट पुठ्ठ्यासारखी चव येते. २७ डिग्रीच्या वर वर्ट असेल तर त्याला हवा लावूच नका, आणि शक्य असेल तर पिचिंगच्या (यीस्ट टाकायच्या) तापमानापर्यंत, १८ ते २० पर्यंत आणूनच लावा.

यावर आम्ही करतो ते असं. उकळी बंद झाल्यावर पहिल्या टप्प्यात नळाचंच पाणी कॉइलमधून सोडायचं, ते गरम पाणी बादल्यांत धरून ठेवायचं, भांडी आणि लादी धुवायला कामाला येतं. वर्ट ४० च्या आसपास आलं की नळ काढायचा आणि कॉइलला कूलरचा छोटा पंप जोडायचा, तोच जो डेझर्ट कूलरमध्ये तळाला असतो. एका टबात पाणी आणि बर्फ, पंप त्यात बुडवलेला, कॉइलमधून आलेलं पाणी परत त्याच टबात. बर्फ मच्छी मार्केटजवळ लादीच्या भावात मिळतो, तो वर्टला कुठेही लागत नसल्यामुळे खायचाच बर्फ हवा असं नाही. अर्धी लादी फोडून टाकली की २० लिटर वर्ट वीस-पंचवीस मिनिटांत २० डिग्रीला येतं, मधे मधे वर्ट सॅनिटाइझ केलेल्या लांब चमच्याने हळू फिरवत राहायचं. हे नसेल जमत तर झाकण लावून फर्मेंटर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी हवा देऊन यीस्ट टाका, पण मग सॅनिटेशन एकदम कडक हवं, कारण ते वर्ट रात्रभर बिनयीस्टचं उघडं शेतच असतं.

हवा भरायच्या पद्धती. नुसतं वरून धार सोडली, पाइपच्या टोकाला फवारा केला तर ४ पीपीएमच्या आसपास मिळतं, स्लरीला ते पुरत नाही. जार गदागदा हलवणे हा सगळ्यांचा आवडता उपाय, कागदावर ८ पर्यंत जातो, पण प्रत्यक्षात २० लिटरचा भरलेला जार कोणी नीट हलवू शकत नाही, तो नुसता इकडून तिकडे डुचमळतो आणि आकडा बराच खाली राहतो. काचेचा कारबॉय असेल तर हा प्रकार करूच नका, ओला काचेचा जार हातातून सुटला तर हॉस्पिटलचं काम आहे. त्यापेक्षा दोन बादल्या घ्या, सॅनिटाइझ केलेली मोठी स्टीलची चाळणी मध्ये धरा आणि दोन फुटांवरून या बादलीतून त्या बादलीत सात-आठ वेळा ओता, फेस बादलीभर होईल आणि ट्रबही (उकळल्यावर वर्टमध्ये उरणारा गाळ) थोडा गाळला जाईल. सगळा ट्रब काढायच्या नादाला मात्र लागू नका, त्यात यीस्टला उपयोगी पडणारी फॅटी अॅसिड थोडी असतात.

माझी शिफारस मात्र फिश टँकच्या पंपाची. पाचशेच्या आत मिळतो, कुठल्याही अॅक्वेरियमच्या दुकानात, त्याला सिलिकॉनची नळी आणि टोकाला स्टेनलेस स्टीलचा दोन मायक्रॉनचा एअर स्टोन. दुकानदार सोबत तो निळा-राखाडी दगडाचा स्टोन देईल, तो घेऊ नका, तो उकळून साफ होत नाही. पंप आणि स्टोनच्या मध्ये नळीत ०.२ मायक्रॉनचा पीटीएफईचा डिस्क फिल्टर हवाच, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबचं सामान मिळतं तिथे विचारा. बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की पाच मिनिटांच्या हवेने काय होतंय. होतं. जून ते सप्टेंबर आपल्या घरात चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तीच हवा तुम्ही गोड, कोमट, आम्लही फारसं नसलेल्या वर्टमध्ये थेट ढकलताय. फिल्टर नसेल तर तात्पुरतं नळीत निर्जंतुक कापूस घट्ट बसवून तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवतात, पण ते मी सवयीचं होऊ देणार नाही.

स्टोन वापरायची पण रीत आहे. आधी पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायचा, चिमट्याने उचलायचा, टोकाला बोट लावायचं नाही कारण बोटाच्या तेलाने भोकं बुजतात. पंप सुरू करून मगच वर्टमध्ये बुडवायचा आणि पंप चालू असतानाच बाहेर काढायचा, नाहीतर वर्ट आत शिरून सुकतं आणि पुढच्या वेळी अर्धा स्टोनच चालतो. बरोबर चाललंय की नाही ते बघून कळतं: मोठे बुडबुडे एका बाजूने गुबगुब वर येत असतील तर स्टोन बुजलाय किंवा नळीचा जोड सैल आहे, चांगला स्टोन वर्टला दुधाळ करतो, बुडबुडे इतके बारीक की वेगळे दिसत नाहीत आणि वर दाट पांढरा फेस चढायला लागतो. तो फेस बादलीच्या काठाला आला की पंप बंद, खाली बसू द्यायचा, परत चालू, असं करत एकूण पाच ते दहा मिनिटं भरली की झालं. फेस मारायला लोक लहान बाळाचे पोटदुखीचे सिमेथिकोनचे थेंब टाकतात, कल्पना बरोबर आहे, सिमेथिकोन फेस मोडतो आणि यीस्टबरोबर तळाला बसतो, पण आपल्याकडच्या थेंबांमध्ये बऱ्याचदा शेपूचं आणि बडीशेपेचं तेल असतं, लेबल वाचल्याशिवाय टाकू नका, बिअरला ग्राइप वॉटरचा वास येईल.

शुद्ध ऑक्सिजन हा पुढचा टप्पा. १.०६५ च्या खालच्या बिअरला त्याची गरज नाही असं मी म्हणेन, पण स्ट्राँग बिअर किंवा लागर करत असाल तर हवेची ८ ची मर्यादा ओलांडायला दुसरा मार्ग नाही. इथे अर्ध्या मायक्रॉनचा स्टोन आणि फ्लो मीटर असलेला रेग्युलेटर लागतो. मिनिटाला एक लिटर या वेगाने २० लिटर वर्टमध्ये एक मिनिट सोडला तर ९ पीपीएमच्या आसपास, दोन मिनिटांत १४ च्या आसपास. हवेने जास्त होण्याची भीती नाही, पण शुद्ध ऑक्सिजनने होते, पाच-पाच मिनिटं सोडत बसलात तर यीस्ट बेसुमार वाढतं, फ्युजेल अल्कोहोल (जड, जळजळीत चवीचं अल्कोहोल) वाढतं आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरायची वेळ येते. रेग्युलेटरच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस अजिबात लावायचं नाही, कडक बसला तरी नाही, आणि सिलिंडर उघडायच्या आधी शेगडी बंद, पायलटची ज्योत बंद, खिडकी उघडी. यात ढिलाई चालत नाही.

हवा दिल्यावर लगेच यीस्ट टाका, तासभर चहापाण्यात घालवू नका. यीस्ट पहिल्या काही तासांतच तो ऑक्सिजन संपवून टाकतं, म्हणून बिअर ऑक्सिडाइज होईल ही भीती इथे गैरलागू आहे. भीती आहे ती नंतरच्या ऑक्सिजनची.

फरक किती पडतो ते बघायचं असेल तर एकच वर्ट दोन जारमध्ये निम्मं निम्मं करा, एकाच बरणीतली स्लरी सारखी मोजून टाका, एकाला पंपाची हवा द्या आणि दुसऱ्याला नाही. आम्ही पायलट किटवर हे मुद्दाम करून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा दिलेल्या जारवर चार बोटं फेस होता आणि वर्ट आतून घुसळल्यासारखं फिरत होतं, दुसऱ्यावर पातळ साय आल्यासारखा एक थर आणि कडेला दोन-चार बुडबुडे. शेवटी दोघांत नऊ पॉइंटचा फरक राहिला. बिनहवेच्या जारला केळ्याचा वासही जास्त होता, त्याचं कारणही तेच आहे, वाढ कमी झाली की यीस्टकडचा कच्चा माल एस्टरकडे (फळासारखा वास देणाऱ्या द्रव्यांकडे) वळतो. नव्या मुलांना मी आता तोंडी सांगत नाही, हे दोन जारच दाखवतो.

आता ज्याची बॅच या क्षणी १.०२२ ला अडकलेली आहे त्याच्यासाठी. पहिलं म्हणजे पंप बाजूला ठेवा. अर्धी झालेली बिअर हवेने हलवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, यीस्ट जागं होईल न होईल, पण बिअर नक्की शिळी होते, हॉप्सची चव मरते आणि डायअॅसिटिलचा लोण्यासारखा वास येऊ शकतो. दुसरं, बाटलीत भरू नका. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट बंद बाटलीत फर्मेंट झाला तर साधारण अर्धा व्हॉल्यूम सीओटू (बिअरच्या निम्म्या आकारमानाइतका गॅस) बनतो. म्हणजे दहा पॉइंट शिल्लक असतील तर पाच व्हॉल्यूम, त्यावर तुमची प्रायमिंगची (बाटलीत गॅस आणायला घालायची) साखर वेगळी. साधी बिअरची बाटली यात टिकत नाही, कपाटात फुटते आणि काच लांब उडते. घरात लहान मुलं असतील तर हे दोनदा वाचा.

करायचं ते असं: फर्मेंटर फ्रिजमधून काढून तापमान दोन-तीन डिग्री वाढवा, जानेवारीत रात्रीचा पारा १८ च्या खाली जातो तेव्हा कधी कधी एवढ्यानेही काम होतं कारण यीस्ट थंडीने तळाला बसलेलं असतं. झाकण न उघडता फर्मेंटर गोल फिरवून तळाचं यीस्ट वर आणा, शिंतोडे न उडवता. तीन दिवसांत हललं नाही तर ताजं यीस्ट लागेल, पण पाकीट फाडून सरळ वरून टाकलंत तर ते थंड, अल्कोहोल असलेल्या बिअरमध्ये पडून तसंच बसेल. अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट उकळून थंड करा, त्यात पाकीट टाका, त्या बाटलीला हवा भरपूर द्या, हलवा, आणि फेस ऐन जोरात आला की अख्खी बाटली फर्मेंटरमध्ये अलगद ओता. चालतं यीस्ट टाकलं की ते चालत राहतं. बहुतेक बॅच यात सुटतात.

हाच स्टार्टर, म्हणजे आधी लहान बाटलीत चालू केलेलं यीस्ट, पुढच्या बॅचसाठीही सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि लोक तो का करत नाहीत ते मला कळत नाही. पंप घ्यायचा नसेल तर निदान स्लरी थेट वर्टमध्ये न टाकता आदल्या दिवशी एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम ड्राय माल्टचा स्टार्टर करा, स्लरीचे चार-पाच चमचे त्यात, आणि तो दिवसभर हलवत राहा, किंवा कॉम्प्युटरचा जुना पंखा आणि लोहचुंबक वापरून स्टरर बनवा. यीस्ट तिथेच स्टेरॉल साठवून घेतं, मग मोठ्या वर्टमध्ये हवा थोडी कमी पडली तरी चालतं. ऑक्सिजनऐवजी ऑलिव्ह ऑइल घालायचं जे ऐकलं असेल ते अमेरिकेत न्यू बेल्जियम ब्रूअरीने खरंच करून बघितलं होतं, पण त्यांनी ते साठवलेल्या यीस्टमध्ये घातलं, वर्टमध्ये नाही, आणि प्रमाण इतकं सूक्ष्म की २० लिटरला सुईच्या टोकावर मावेल एवढं, ते घरी मोजता येत नाही. थेंबभर टाकलंत तरी फेस मरेल.

स्लरी ठेवण्याबद्दल दोन गोष्टी. फ्रिजमध्ये पडल्या पडल्या यीस्ट आपला ग्लायकोजेनचा (पेशीत साठवलेल्या साखरेचा) साठा खात असतं, आणि नंतर ऑक्सिजन मिळाल्यावर स्टेरॉल बनवायला लागणारी ताकद त्याच साठ्यातून येते. त्यामुळे दोन आठवड्यांपेक्षा जुन्या स्लरीला हवा देऊनही पूर्ण फायदा मिळत नाही, तिला स्टार्टरच करा. बरणीचं झाकण पूर्ण आवळू नका, आत गॅस बनतच असतो. १.०५० च्या २० लिटरला साधारण २०० मिली घट्ट स्लरी पुरते, वरचं पातळ पाणी मोजायचं नाही. आणि हवा नीट देत असाल तर तीच स्लरी चार-पाच बॅच आरामात चालते, त्यानंतर मी तरी नवीन पाकीट फोडतो.

१.०८० च्या वरचं काही करणार असाल, म्हणजे इम्पीरियल स्टाउट वगैरे, तर सुरुवातीचा ऑक्सिजन पुरत नाही, पिच केल्यापासून १२ ते १८ तासांनी शुद्ध ऑक्सिजनचा दुसरा डोस द्यावा लागतो, तोवर यीस्ट एकदा दुभागलेलं असतं आणि ते लगेच उचलून घेतं. पण १८ तासांनंतर नाही, फेस पूर्ण चढलेला असेल तर घड्याळ काहीही म्हणो, स्टोन आत घालायचा नाही. म्हणून असली बॅच रात्री आठ-नऊला पिच करायची, म्हणजे दुसरा डोस सकाळी नऊ-दहाला येतो आणि तेव्हा माणूस जागा असतो.